ऑथेल्लोचा दोष कोणाचा?

शोकांतिकेचा नायक स्वतःच्या एखाद्या स्वभावदोषामुळे कोसळतो, असे आपल्याला महाविद्यालयात शिकविले जाते. त्यासाठी अ‍ॅरिस्टॉटलच्या 'हॅमर्शिया' या शब्दाचा आधार देतात. वस्तुतः त्या शब्दाचा अर्थ 'चूक' किंवा 'नेम हुकणे' असा आहे. पुढे त्याचा अर्थ स्वभावातला डाग असा रूढ झाला. मॅकबेथ महत्त्वाकांक्षी, हॅम्लेट चालढकल्या, ऑथेल्लो संशयी, एवढे लिहिले की परीक्षेतले उत्तर पुरे होते. नाटक मात्र तेवढ्याने समजत नाही.

शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'चा प्रयोग १६०४ साली इंग्लंडच्या राजदरबारात झाल्याची नोंद आहे. देवलांच्या 'झुंजारराव'मुळे ही कथा मराठी वाचकाच्या परिचयाची आहे. तिच्यातील प्रत्येक दोषही परिचयाचा आहे. बढती कॅसिओला मिळाली म्हणून इयागो जळतो. रॉडरिगो पैशाने प्रेम मिळवू पाहतो. कॅसिओला नावलौकिकाचा सोस आहे. एमिलिया नवऱ्याची मर्जी राखण्यासाठी मालकिणीचा रुमाल त्याच्या हाती देते.

पण ब्रॅबॅन्शिओकडे नीट पाहा. हा व्हेनिसचा सिनेटर काळ्या सेनापतीला घरी बोलावतो, त्याच्या लढायांच्या आणि गुलामगिरीच्या हकिकती आवडीने ऐकतो. मुलीने त्याच्याशी लग्न केल्याचे कळताच मात्र तोच पाहुणा जादूटोणा करणारा ठरतो. ड्यूक ऑथेल्लोला सांभाळून घेतो. तुर्कांचे आरमार सायप्रसवर निघाले आहे आणि सेनापतीची गरज आहे. पण तो स्तुती कशी करतो? तुमचा जावई काळ्यापेक्षा गोराच अधिक आहे, अशी! म्हणजे गुण मान्य करायचा आणि तो गोरेपणाच्या खात्यावर जमा करायचा.

इयागो नवे विष तयार करीत नाही. व्हेनिसमध्ये आहे तेच तो वापरतो. आपल्या देशाचे, रंगाचे, दर्जाचे पुरुष सोडून डेस्डेमोनाने तुला निवडले, हे निसर्गाला धरून आहे काय, असे तो सुचवतो. आणि रणांगणावर न डगमगणारा सेनापती स्वतःच कारणे जुळवू लागतो: आपण काळे, दरबारी बोलणे आपल्याला येत नाही, वयही उतरू लागले. इतरांनी केलेला तिरस्कार त्याने स्वतःविषयीचे सत्य म्हणून स्वीकारला. रुमाल केवळ निमित्त.

म्हणून ऑथेल्लो निर्दोष ठरतो काय? मुळीच नाही. त्याने निरपराध स्त्रीला गुदमरवून मारले. अपमानित पुरुषाने आपल्या जखमेची भरपाई बाईच्या जिवाने करावी, याला समर्थन नाही. बापाने तिला आपली मालमत्ता मानले. नवऱ्यानेही शेवटी तेच केले.

स्वतःच्या दोषातून बाहेर पडते ती एमिलिया. इयागो गप्प राहण्यास दटावतो, तलवार उपसतो, तरी ती खरे सांगते आणि प्राण गमावते. स्वभाव हीच नियती असती, तर आज्ञाधारक एमिलिया बोललीच नसती.

माणसाचे विकार सनातन असतील. पण कोणत्या विकाराला समाज खतपाणी घालतो आणि त्याची किंमत कोणाकडून वसूल करतो, हे सनातन नाही. वर्गात नायकाचा दोष जरूर शिकवावा, पण त्याबरोबर व्हेनिसचाही शिकवावा.