चुना, घड्याळ आणि सरळ केस

लग्नसराई जवळ आली की चुडाव्याच्या स्टेशनावर नांदेडहून परतणाऱ्या पोरींच्या पिशवीत साडीच्या फॉलसोबत केस सरळ करण्याच्या क्रीमचा खोकाही असतो. पार्लरपेक्षा स्वस्त आणि घरच्या घरी. पुढचा सल्ला आत्या, मावशा, जावा देतात, आणि तो बहुधा मेंदीच्या अनुभवावरून असतो: "जरा जास्त वेळ ठेव, चांगलं बसेल."

मोठी गडबड इथेच होते. मेंदी केसाला रंग देते. हे क्रीम केसाच्या केराटिनमधले गंधकाचे दुवे तोडतं. बहुतेक स्ट्रेटनिंग क्रीममध्ये थायोग्लायकोलेट असतं, आणि केस काढायच्या क्रीममध्येही त्याच कुळातलं रसायन असतं. फरक तीव्रतेचा आणि वेळेचा. पत्रकात वीस मिनिटं लिहिली असतील तर पंचविसाव्या मिनिटाला केस जास्त सरळ होत नाही, तुटायला लागतो. मोबाइलवर गजर लावा, अंदाज नको.

काही क्रीममध्ये सोडियम हायड्रॉक्साइड, म्हणजे कॉस्टिक सोडा असतो. "नो लाय" लिहिलेलं सौम्य, असं समजू नका; त्यात बहुधा कॅल्शियम हायड्रॉक्साइड असतं. म्हणजे आपला पानाचा चुनाच, जोडीला ग्वानिडीन. चुन्याने जीभ भाजते हे कुणाला सांगायला नको. थायोग्लायकोलेट आणि हायड्रॉक्साइड या दोन जातींची क्रीमं एकाच केसावर आलटून पालटून लावली, तर केस मुळापासून तुटू शकतात.

"चुरचुरतंय म्हणजे काम चाललंय" हेही चूक. ती त्वचा भाजल्याची खूण, लगेच धुवा. लिंबू, दही, हळद काही लावायचं नाही, फक्त वाहतं पाणी. डोळ्यात गेलं तर निदान पंधरा-वीस मिनिटं धुवून थेट दवाखाना गाठा. नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नसतो, म्हणून खोका उघडण्याआधी बादल्या भरून ठेवा. आमच्याकडे ही सूचना पत्रकातल्या पहिल्या ओळीत छापायला हवी.

आदल्या दिवशी केस विंचरताना डोक्याला ओरखडे पडले असतील, खाज किंवा फोड असेल, तर बेत पुढे ढकला. आधी कानामागे चाचणी घेऊन ४८ तास थांबा. मागच्या बाजूची एक बारीक बटही करून पाहा. कानाला, कपाळाच्या कडेला व्हॅसलीन, हातात मोजे. क्रीम टाळूवर चोळायचं नसतं. आधी केस धुवायचे की नाही, हे मात्र क्रीमच्या जातीवर ठरतं; पत्रक सांगेल ते.

आणि ज्या केसांना "काळी मेंदी" लावली आहे, त्यांना हात लावू नका. काही पुड्यांत धातूचे क्षार असतात, आणि शेवटच्या न्यूट्रलायझरमधल्या हायड्रोजन पेरॉक्साइडशी त्यांची गाठ पडली की केस तापून जळतो.

"केराटिन ट्रीटमेंटला वास नाही, म्हणून ती निर्धोक" याचाही हिशेब करू. काही केराटिन उत्पादनांतून गरम इस्त्री फिरवताना फॉर्मल्डिहाइड वायू सुटतो; बंद न्हाणीघरात तो डोळ्यांना आणि छातीला झोंबतो. त्याच्याऐवजी आलेल्या ग्लायऑक्सिलिक आम्लाचा किस्सा मार्च २०२४मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आला: २६ वर्षांच्या एका बाईच्या मूत्रपिंडाला दर खेपेला, अशा तिन्ही वेळा इजा झाली.

कर्करोगाचं म्हणाल, तर २०२२मध्ये अमेरिकेत ३३,४९७ बायकांच्या अभ्यासात वर्षात चारहून अधिक वेळा केस सरळ करणाऱ्यांमध्ये गर्भाशयाच्या कर्करोगाचा अंदाजे धोका सत्तरीपर्यंत ४.०५ टक्के, न करणाऱ्यांमध्ये १.६४ टक्के निघाला. हा संबंध आहे, सिद्ध झालेलं कारण नव्हे. पण दर महिन्याला क्रीम लावण्यात शहाणपण नाही. गरोदरपणात आणि लहान मुलींना तर नकोच.

"कायमचे सरळ" म्हणजे बाहेर आलेला केस तेवढाच. मुळाकडून महिन्याला साधारण एक सेंटीमीटर नवा केस येतो, तो पूर्वीसारखाच कुरळा. पुढच्या वेळी क्रीम फक्त त्या नव्या भागालाच. जुन्या लांबीला पुन्हा लागलं की वेणीच्या टोकाचा झाडू होतो. तोवर रिकामा खोका फेकू नका. त्यावर तारीख लिहून कपाटात ठेवा, म्हणजे पुढचं क्रीम घेताना किंवा डॉक्टरांना दाखवताना आधी काय लावलं होतं ते समजेल.