एका सिस्टरमागे किती रुग्ण?

ऑपरेशन ठरलं की सर्जनचा हात कसा आहे, याची चौकशी आपण दहा जणांकडे करतो. रात्री वॉर्डात सिस्टर किती असतात, हे मात्र कुणी विचारत नाही. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात परिचर्या विषयाच्या प्राध्यापक असलेल्या लिंडा एकेन यांनी नेमकं हेच विचारलं, आणि २००२ मध्ये उत्तर आकड्यांत मांडलं.

त्यांच्या गटाने पेनसिल्व्हेनिया राज्यातली १६८ रुग्णालयं निवडली. तिथल्या १०,१८४ परिचारिकांकडून शेवटच्या पाळीत वाट्याला किती रुग्ण आले ते विचारून घेतलं आणि त्याच रुग्णालयांत शस्त्रक्रिया झालेल्या २,३२,३४२ रुग्णांच्या नोंदींशी ते ताडून पाहिलं. परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला, की दाखल झाल्यापासून ३० दिवसांत रुग्ण दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढत होती. चाराच्या जागी आठ रुग्ण झाले, तर चक्रवाढीने ३१ टक्के. (म्हणजे शंभरातले एकतीस जास्त दगावतात असं नव्हे, मुळात जी शक्यता असते, ती तेवढ्या टक्क्यांनी वाढते. आरोग्याच्या बातम्यांत इथे हमखास घोळ होतो.)

हे घडतं कसं? पोटाचं ऑपरेशन होऊन दुसरी रात्र आहे असं धरा. रुग्ण डोळे मिटून पडलाय. रक्तदाब ठीक आहे. पण संध्याकाळी मिनिटाला सोळा असलेला श्वास आता चोवीसवर गेलाय, हातपाय गार लागतात, लघवीच्या पिशवीत तीन-चार तासांत फारशी भर नाही. संसर्ग रक्तात पसरू लागल्याची ही खूण असू शकते. जनरल वॉर्डात प्रत्येक पलंगाशी मॉनिटर नसतो. श्वास मोजायचा तर मिनिटभर रुग्णाच्या छातीकडे बघत उभं राहावं लागतं, आणि गर्दीच्या पाळीत सगळ्यात आधी काटछाट होते ती याच मिनिटाची. चार्टवर मग अंदाजाने आकडा पडतो. आपल्याकडे उशाशी नातेवाईक असतो, सलाईन संपली की तो धावत जातो. पण वाढलेला श्वास ओळखणं हे शिकलेल्या नजरेचंच काम. गुंतागुंत कुठल्याही रुग्णालयात होते. ती वेळेत कुणाच्या लक्षात येते का, यावर पुढचं ठरतं.

आता शंका अशी, की जिथे परिचारिका जास्त तिथे पैसा आणि यंत्रंही जास्त असणार. रुग्णालयाचा आकार, तिथलं तंत्रज्ञान, रुग्णांची वयं आणि आजार यांचा हिशेब एकेन यांनी केला होता. तरीही शंका पुरती फिटत नाही. ती बरीचशी फिटली ऑस्ट्रेलियात. क्वीन्सलँड राज्याने २०१६ मध्ये कायदाच केला: दिवसाच्या पाळ्यांत सरासरी चार रुग्णांमागे एक परिचारिका, रात्री सातांमागे एक. कायदा लागू झालेली २७ रुग्णालयं आणि न झालेली २८, यांची तुलना २०२१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आली. मृत्यू, पुन्हा भरती होणं, मुक्कामाचे दिवस, या सगळ्यांत कायद्याची रुग्णालयं सरस ठरली. जादा परिचारिकांच्या पगाराच्या दुपटीहून अधिक खर्च वाचला, हे हिशेबनीसांनी जरूर वाचावं.

असंच काम इतर शाखांतही झालंय. बोस्टनमध्ये हार्वर्डशी संलग्न रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात औषधतज्ज्ञाला डॉक्टरांबरोबर राउंडला उभं केलं, तर औषध लिहिताना होणाऱ्या चुकांमुळे घडणारे, टाळता येण्याजोगे अपाय ६६ टक्क्यांनी घटले. त्याच्या ३६६ सूचनांपैकी ३६२ डॉक्टरांनी मान्य केल्या! शिकागो आणि आयोवा विद्यापीठांनी २००९ मध्ये व्हेंटिलेटरवरच्या १०४ रुग्णांचा अभ्यास छापला. गुंगीची औषधं सगळ्यांचीच रोज थांबवली जात, पण सुमारे निम्म्या रुग्णांना त्या वेळी, तोंडात नळी असतानाच, फिजिओथेरपिस्टनी पलंगाच्या कडेला बसवलं, जमेल तसं उभं केलं. घरी जाताना स्वतःचं स्वतः करू शकणारे या गटात ५९ टक्के होते. नेहमीच्या उपचारांच्या गटात ३५. यात नवं औषध नव्हतं, नवं यंत्रही नव्हतं.

भारतीय परिचर्या परिषदेचा निकष अध्यापन रुग्णालयात तीन खाटांमागे एक परिचारिका, इतरत्र पाचांमागे एक, शिवाय रजेसाठी ३० टक्के जादा, असा आहे. सरकारी वॉर्डात एकदा पाय ठेवला की तो किती पाळला जातो ते मोजायला संशोधक लागत नाही. न पाळल्याची किंमत मोजायला मात्र लागतो. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे वैद्यक, परिचर्या, फिजिओथेरपी या शाखा एकाच छताखाली आहेत. ड्युटी रजिस्टर आणि केसपेपर प्रत्येक रुग्णालयात पडून आहेत. दोन्ही जुळवून पाहण्याचं काम एखाद्या एम.एस्सी. नर्सिंगच्या विद्यार्थिनीला प्रबंधासाठी द्यावं, आणि निष्कर्ष जे येतील ते छापावेत.