करपा पानांवर, फटका केळीच्या घडाला

नवी दिल्ली : जळगाव जिल्ह्यातील रावेर, यावल भागांतून दिल्लीच्या बाजारात येणारी केळी वाटेतच पिकण्याचे एक कारण पानांवरील करपा, अर्थात सिगाटोका, हा बुरशीजन्य रोग आहे. फिजीतील सिगाटोका खोऱ्यावरून त्याला हे नाव मिळाले.

हा रोग फळावर येत नाही. दमट हवेत पानांवर पिवळसर ठिपके पडतात; ते वाढून पाने वाळतात. हिरवी पाने घटल्याने फळे नीट भरत नाहीत आणि घड अकाली पिकतो. परिणामी, दूरच्या वाहतुकीत माल टिकत नाही.

बुरशीचे बीजाणू वारा व पावसाच्या थेंबांतून शेजारच्या बागांत पोहोचतात. त्यामुळे रोगट पाने कापून नष्ट करणे, पाण्याचा निचरा आणि शिफारशीनुसार बुरशीनाशकाची फवारणी हे उपाय परिसरातील शेतकऱ्यांनी एकाच वेळी केल्यास अधिक प्रभावी ठरतात.