‘धग’ कुणाला द्यावी, ‘भूमी’ कुणाला?

वाचकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दुपारच्या सुमाराला कुणीतरी लिहितं, “एखादी चांगली कादंबरी सुचवा ना.” तासाभरात नावांची रांग लागते. मृत्युंजय, ययाति, कोसला, पुन्हा मृत्युंजय. सोबत अंगठे, बदाम आणि ‘अप्रतिम!’ विचारणारा सगळ्यांना धन्यवाद देतो आणि बहुधा त्यातली एकही वाचत नाही. आमच्या नागपुरात हे चालतं, तसं पुण्यात आणि लातुरातही चालत असणार.

नुसतं नाव सांगितल्यानं शिफारस होत नाही. पुस्तक आवडलं की त्याची स्तुती करावीशी वाटते, पण समोरच्याला स्तुतीचा उपयोग फारसा नसतो. हे पुस्तक आपल्यासाठी आहे का आणि ते मिळेल कुठे, एवढंच त्याला कळायला हवं असतं.

म्हणून आधी उलट विचारावं. शेवटची कुठली कादंबरी हातातून सुटली नाही? कुठली अर्ध्यात टाकली? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जास्त कामाचं, कारण आवडलेल्या पुस्तकांबद्दल लोक थोडं सजवून बोलतात, टाकलेल्याबद्दल सहसा खरं सांगतात. “वर्णनं फार होती” म्हणणाऱ्याला आणि “फार रडवलं” म्हणणाऱ्याला एकच पुस्तक देऊन चालत नाही.

समजा, उत्तर आलं की सदानंद देशमुखांची ‘बारोमास’ आवडली. साहित्य अकादमीनं 2004 साली गौरवलेली, वऱ्हाडातल्या शेतकरी घराची, शिकूनही नोकरी न मिळालेल्या तरुणाची ही कादंबरी. अशा वाचकाला उद्धव शेळके यांची ‘धग’ सुचवता येते. ती 1960 ची. आता दोन ओळी लिहायच्या, तर काय लिहाल? ‘ग्रामीण जीवनाचं विदारक चित्रण’ हे लिहू नका. त्यातून कुणालाच काही कळत नाही. असं लिहून पाहा: ‘कौतिकची, एका शिंप्याच्या बायकोची गोष्ट. नवरा कामाचा नाही, संसार ती ओढते. संवाद अस्सल वऱ्हाडीत आहेत. पहिली काही पानं मोठ्यानं वाचा, मग कान बसतो. वातावरण जड आहे, प्रवासात वाचायला घेऊ नका.’ वाचणाऱ्याला माणूस कळलं, पेच कळला, भाषा कळली, अडचण कळली. शेवट कळला नाही, आणि कळूही नये. पहिल्या चतुर्थांशात जे घडतं तेवढंच सांगायचं, हा माझा ढोबळ नियम. अडचण मात्र आवर्जून सांगावी. ती लपवली, तर वाचक विसाव्या पानावर थांबतो आणि तुमच्या पुढच्या शिफारशीवर त्याचा विश्वास उरत नाही.

पुण्या-मुंबईच्या वाचकाला वऱ्हाडी जड जाईल असं आपण गृहीत धरतो, पण खुद्द नागपुरातही ‘जाऊन राह्यलो’ म्हणणाऱ्या अनेकांना ते छापलेलं वाचताना अडखळायला होतं. कानाची सवय वेगळी आणि डोळ्यांची वेगळी. विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ सुचवताना हा प्रश्न येत नाही. बेडेकर अमरावतीचे, पण 1939 ची ही कादंबरी घडते युरोपातून हिंदुस्थानाकडे निघालेल्या बोटीवर. छोटेखानी आहे. “वेळच मिळत नाही” म्हणणाऱ्यासाठी ती उत्तम.

यानंतरची पायरी रुक्ष आहे, पण गाडी हमखास अडते ती इथेच. वाचक ते नाव शोधायला जातो. आपल्याकडच्या चांगल्या कादंबऱ्यांची नावं एकेका साध्या शब्दाची: धग, भूमी, माणूस. नुसतं ‘भूमी’ शोधलं तर आशा बगे यांच्याआधी भूमी अभिलेख खातं आणि सातबारा हजर होतो. ‘माणूस’ शोधलं तर मनोहर तल्हारांची रिक्षावाल्यावरची कादंबरी श्री. ग. माजगावकरांच्या ‘माणूस’ साप्ताहिकाखाली दबून जाते. म्हणून शीर्षकासोबत लेखकाचं पूर्ण नाव आणि ‘कादंबरी’ हा शब्द लिहावाच. शक्य असेल तर प्रकाशकही लिहावा, किंवा मलपृष्ठावरच्या तेरा अंकी आयएसबीएनचा फोटो टाकावा. त्या क्रमांकात ऱ्हस्व-दीर्घाची भानगड नाही. देवनागरीत आणखी एक छुपी गंमत आहे. ‘वऱ्हाड’मधला तो अर्धा र संगणकावर दोन प्रकारे टंकता येतो: नुक्त्याच्या र ला हलन्त देऊन, किंवा साध्या र ला हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, यंत्राला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटू शकतात. पुस्तक ‘मिळत नाही’ याचं कारण कधीकधी इतकं बारीक असतं.

मग यंत्रालाच सुचवू द्यावं का? 2007 मध्ये सुरू झालेलं आणि 2013 मध्ये ॲमेझॉननं विकत घेतलेलं गुडरीड्स तेच करतं. ज्यांनी हे वाचलं त्यांनी आणखी काय वाचलं, याचा हिशेब मांडून पुढचं नाव काढायचं. त्यासाठी त्याच त्याच वाचकांनी पुष्कळ पुस्तकांना तारे दिलेले लागतात. मराठीत ते मुळात कमी, त्यात एकच कादंबरी एकदा देवनागरीत आणि एकदा रोमन लिपीत नोंदली गेली की तारेही वाटले जातात. यंत्राला पुरेसं दिसतं ते फक्त गाजलेल्या पाच-दहा पुस्तकांचं. म्हणजे त्या दुपारच्या ग्रुपसारखंच: मृत्युंजय, ययाति, कोसला.

पुस्तक मिळवणं उरलं. नवी प्रत नसेल तर नागपुरात बर्डीच्या फुटपाथवरची जुनी पुस्तकं आहेत आणि वर्गणीची वाचनालयं आहेत. शिफारस करतानाच ‘मी अमुक वाचनालयातून आणली’ असं लिहिलं, तर पुढच्याचा अर्धा त्रास वाचतो. ग्रुपवर पीडीएफ फिरवणं मात्र बंद करावं. आपल्या कायद्यानं लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतात. ज्ञानकोशकार केतकर 1937 साली गेले. त्यांची ‘गोंडवनातील प्रियंवदा’ खुशाल वाटा, नावातच आपला मुलूख आहे. बेडेकर 1998 साली गेले, म्हणजे ‘रणांगण’वरचा हक्क 2058 संपेपर्यंत शाबूत आहे. खपाच्या जोरावरच दुसरी आवृत्ती निघते. एका बाजूला “मराठी पुस्तकं आउट ऑफ प्रिंट का?” म्हणून हळहळायचं आणि त्याच बोटानं फाइल पुढे ढकलायची, हे काही बरं नाही.

दोन आठवड्यांनी विचारावं, “कुठपर्यंत आलात?” बहुतेक जण हे विचारतच नाहीत. “सोडली” असं उत्तर आलं तर रुसायचं कारण नाही; कुठे सोडली आणि का, ते विचारा. ‘धग’ दुःख सोसवेना म्हणून सोडली असेल, तर पुरुषोत्तम बोरकरांची ‘मेड इन इंडिया’ सुचवा. वऱ्हाडीच, पण तिरकस आणि हसवणारी. भाषेपायी सोडली असेल तर आशा बगे यांची ‘भूमी’. बाई नागपूरच्याच, ‘भूमी’ला 2006 चा अकादमी पुरस्कार आहे, आणि तिची प्रमाण मराठी अशा वाचकाला अडवणार नाही. आणि वेळच मिळाला नाही असं म्हणाले, तर सध्या काही सुचवू नका.