सांसर्गिक गर्भपात : गोठ्यातील रोग आणि दुधाची निर्दोषता

शेतकऱ्याच्या दृष्टीने पाहिले असता पशुरोगांचे दोन वर्ग कल्पिता येतात. घटसर्प, फऱ्या किंवा लाळ-खुरकत हे रोग गावात आले म्हणजे त्यांची वार्ता कोणास मुद्दाम सांगावी लागत नाही. घटसर्पात गळा सुजून जनावर एक-दोन दिवसांत दगावते. लाळ-खुरकतीत तोंडातून लाळेच्या तारा लोंबतात आणि बैल ऐन पेरणीत खुरांनी अधू होतो. असे रोग भयंकर खरे. परंतु ते उघड असल्यामुळे त्यांच्याविरुद्ध उपाययोजना करण्यास सर्वजण प्रवृत्त होतात. दुसऱ्या वर्गातील रोग मूकपणे वावरतात. जनावर चारा खाते, रवंथ करते, दूधही देते. आणि तरीही त्याच्या शरीरात रोगजंतू वर्षानुवर्षे वस्ती करून असतात. गायी-म्हशींतील सांसर्गिक गर्भपात, म्हणजेच ब्रुसेल्लोसिस, हा या दुसऱ्या वर्गातील एक प्रमुख रोग होय.

हा रोग जनावरांपासून माणसास होतो आणि दूध हे त्याच्या संक्रमणाचे एक प्रसिद्ध साधन आहे. त्यामुळे पशुवैद्यकाचा हा विषय अन्नाच्या निर्दोषतेशी निगडित झालेला आहे. आपल्याकडे दूध तापवून पिण्याची रीत असल्याने हा प्रश्न घरोघर आपोआप सुटलेला आहे, असे पुष्कळांस वाटते. ही समजूत कोठवर टिकते आणि कोठे तोकडी पडते, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

रोगजंतूचा शोध

या रोगाच्या संशोधनाचा आरंभ भूमध्य समुद्रातील माल्टा बेटावर झाला. तेथील ब्रिटिश सैनिकांना दीर्घकाळ रेंगाळणारा, चढ-उतार होणारा एक ज्वर येत असे. या ज्वराने मृत्यू पावलेल्या सैनिकांच्या प्लीहेतून डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरांनी १८८७ साली रोगजंतू वेगळा काढला. त्यांच्याच नावावरून पुढे या जंतूच्या प्रजातीस ब्रुसेला ही संज्ञा मिळाली. जंतू सापडला, तथापि तो माणसाच्या शरीरात येतो कोठून, हे त्यानंतर अठरा वर्षे कळले नव्हते.

१९०५ साली थेमिस्टोक्लीस झॅमिट या माल्टाच्याच संशोधकाने ते कोडे उलगडले. माल्टातील गवळी शेळ्यांचे कळप रस्त्यांतून हिंडवीत आणि गिऱ्हाइकाच्या दारात दूध काढून देत. झॅमिट यांनी वरकरणी पूर्ण निरोगी दिसणाऱ्या शेळ्यांचे रक्त तपासले, तेव्हा त्यांपैकी बहुतेकींत या जंतूच्या संसर्गाची खूण आढळली. पुढील तपासणीत बेटावरील सुमारे निम्म्या शेळ्या बाधित असून सुमारे एक-दशांश शेळ्यांच्या दुधातून जंतू बाहेर पडत असल्याचे दिसून आले. १९०६ साली सैन्याच्या आहारातून शेळीचे दूध वगळण्यात आले आणि सैनिकांतील ज्वराचे प्रमाण झपाट्याने उतरले. मात्र बेटावरील नागरिक तेच दूध पीत राहिल्याने त्यांच्यातील रोग कायम राहिला. त्यांच्यासाठी दुधाचे पाश्चरीकरण सुरू होण्यास १९३८ साल उजाडावे लागले. शेळ्यांमधील रोग मात्र एवढ्याने हटणारा नव्हता. एका गटाच्या तोंडचे दूध काढून घेतल्याने त्या गटाचे रक्षण होते, रोगाचे मूळ मात्र जागच्या जागी राहते, हा माल्टाच्या अनुभवाचा अर्थ पुढील विवेचनात ध्यानी ठेवावयास हवा.

दरम्यान डेन्मार्कमधील बर्नहार्ड बँग यांनी १८९७ साली गायींतील गर्भपाताचा जंतू शोधून काढला होता. माल्टाचा ज्वर आणि गायींचा गर्भपात यांचा काही संबंध असेल, अशी शंका बराच काळ कोणास आली नाही. हे दोन्ही जंतू परस्परांचे निकटचे आप्त आहेत, हे १९१८ साली ॲलिस इव्हान्स या अमेरिकन विदुषीने दाखवून दिले आणि गायीचे निरसे दूध पिण्यातील धोका सांगितला. प्रारंभी त्यांचे म्हणणे अनेकांनी अमान्य केले. पुढे १९२२ साली संशोधन करीत असतानाच त्यांना स्वतःला या रोगाची बाधा झाली आणि अनेक वर्षे त्यांनी तो सोसला. आज गायी-म्हशींतील मुख्य जातीस ब्रुसेला अबॉर्टस आणि शेळ्या-मेंढ्यांतील जातीस ब्रुसेला मेलिटेन्सिस असे म्हणतात. माणसाच्या दृष्टीने दुसरी जात अधिक उग्र आहे.

जनावरातील रोगाचा क्रम

दूषित चारा-पाण्याबरोबर, किंवा बाधित जनावराने टाकलेला गर्भ व वार चाटल्याने, जंतू निरोगी जनावराच्या शरीरात शिरतात. तेथे ते शरीरातील पेशींच्या आत राहतात. रक्तातील संरक्षक द्रव्ये व बहुतेक औषधे त्यांच्यापर्यंत सहजी पोहोचत नाहीत. भाकड जनावरात किंवा लहान कालवडीत रोगाची काहीच चिन्हे दिसत नाहीत. जनावर गाभण राहिले म्हणजे चित्र पालटते. गाय, म्हैस, शेळी यांच्या गर्भाशयात व वारेत एरिथ्रिटॉल नावाचे एक शर्करासदृश द्रव्य तयार होते. ते या जंतूस विशेष पोषक असल्याने तेथे त्याची अतोनात वाढ होते, वारेचा दाह होतो आणि बहुधा पाचव्या महिन्यानंतर जनावर गाभडते. अनेकदा वार अडकून राहते व गर्भाशय दूषित होते.

यानंतरची अवस्था शेतकऱ्याची दिशाभूल करणारी असते. एकदा गाभडलेली गाय पुढील वेतास बहुधा पूर्ण दिवस भरून वासरू देते. दृष्ट लागली होती, पाय घसरला होता, उष्ण चारा बाधला होता, अशी काही कारणे मनाशी योजून मालक निश्चिंत होतो. वस्तुतः गाय बरी झालेली नसते. तिच्या कासेत आणि कासेजवळच्या लसिका-ग्रंथींत जंतू ठाण मांडून असतात. प्रत्येक वेताच्या वेळी स्रावातून, आणि अधूनमधून दुधातून, ते बाहेर पडत राहतात. वळूच्या वृषणासही या रोगाची बाधा होते. म्हणून कृत्रिम रेतनासाठी ठेवलेल्या वळूंची तपासणी आवश्यक मानली जाते.

शेतकऱ्याचे नुकसान तिहेरी आहे. वासरू जाते, त्या वेताचे दूध घटते किंवा मुळीच मिळत नाही, आणि पुढे जनावर गाभण राहण्यास विलंब लागतो. ज्याच्या दावणीला एकच गाय किंवा कर्ज काढून घेतलेली एकच म्हैस आहे, त्याच्या संसाराचा वर्षाचा हिशेबच या एका घटनेने कोलमडतो.

दूध, चूल आणि गोठा

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ब्रुसेला हा जंतू उष्णतेपुढे टिकत नाही. दूध ६३ अंश सेल्सियसवर तीस मिनिटे, किंवा ७२ अंशांवर पंधरा सेकंद ठेवले असता तो नाश पावतो. हीच पाश्चरीकरणाची प्रक्रिया होय. आपल्या स्वयंपाकघरात दूध उतू जाईपर्यंत तापविले जाते, तेव्हा ही मर्यादा सहज ओलांडली जाते. दही, ताक व लोणी हे सर्व बहुधा तापविलेल्या दुधापासून होत असल्याने तेही निर्दोष ठरतात. चिकाचा खरवसदेखील वाफवूनच करतात. याउलट निरशा दुधापासून चीज करण्याची प्रथा असलेल्या देशांत त्या मार्गाने हा रोग माणसांत पसरलेला आहे.

धारोष्ण दुधाच्या गुणांविषयी आपल्याकडे जी श्रद्धा आहे, तिचा येथे स्पष्ट उल्लेख केला पाहिजे. धारेची ऊब ही गायीच्या शरीराची ऊब, म्हणजे सुमारे साडेअडतीस अंश असते. जंतूच्या वाढीस ती अनुकूलच आहे. अलीकडे शहरांतूनही न तापविलेले दूध ‘नैसर्गिक’ म्हणून पिण्याकडे काहींचा कल दिसतो. गाय देशी आहे, तिला सकस चारा मिळतो, ती स्वच्छ राखली जाते, यांपैकी कोणतीही गोष्ट ती ब्रुसेलामुक्त असल्याची ग्वाही देत नाही.

हा अपवाद सोडला तर दूध पिणाऱ्याचे रक्षण चुलीने केले आहे, हे मान्य करावे लागते. परंतु चुलीचे हे रक्षण गोठ्यापर्यंत पोहोचत नाही. गाभडलेल्या जनावराचा गर्भ, वार आणि स्राव यांत जंतूंची संख्या प्रचंड असते. दुधातील संख्या तिच्या मानाने अल्प होय. हातावरील बारीक चिरांतून, डोळ्यांच्या श्लेष्मल त्वचेतून किंवा श्वासावाटे ते माणसाच्या शरीरात प्रवेश करतात. अडलेल्या गायीस सोडविणारा पशुवैद्यक, वार ओढून काढणारा मालक, खाटिकखान्यातील कामगार आणि विशेषतः गोठा झाडून घाण उचलणारी, धार काढणारी घरची स्त्री, हे या रोगाचे खरे भक्ष्य आहेत. आपल्याकडे गोठ्याचे बरेचसे काम स्त्रियांच्याच अंगावर असते आणि ते उघड्या हातांनी केले जाते.

माणसातील लक्षणेही मूक रोगास साजेशीच आहेत. कमी-अधिक होणारा ज्वर, रात्री दरदरून घाम, सांधे व कंबर धरणे, कमालीचा थकवा, पुरुषांत वृषणास सूज, अशी ही लक्षणे आठवडे, प्रसंगी महिने टिकतात. हिवताप, विषमज्वर किंवा क्षय समजून उपचार होत राहतात. योग्य निदान झाल्यास डॉक्सिसायक्लिन व त्याच्या जोडीला दुसरे एक प्रतिजैविक असा साधारण सहा आठवड्यांचा उपचार गुणकारी ठरतो. त्यासाठी ज्वराच्या रोग्यास डॉक्टरांनी ‘घरी जनावरे आहेत काय, एखादे गाभडले होते काय?’ एवढा प्रश्न विचारणे अगत्याचे आहे. दूध विकत घेणारा नागरिक या रोगापासून बहुतांशी सुरक्षित असल्यामुळेच त्याविषयी समाजात ओरड होत नाही, असेही म्हणावेसे वाटते.

निदान आणि निर्मूलन

रोग ओळखण्याची साधने सोपी आहेत. रोझ बेंगाल परीक्षेत गुलाबी रंग दिलेले मृत जंतू व जनावराची रक्तलस एकत्र मिसळतात. रक्तलसीत प्रतिपिंडे असतील तर चार मिनिटांत गुठळ्या दिसतात. दुधाच्या वलय-परीक्षेत गायींच्या एकत्रित दुधात रंगीत जंतू मिसळून ठेवतात. दूध बाधित गायींचे असल्यास वर येणाऱ्या सायीबरोबर रंगाचे वलय जमते. या परीक्षेने दूध संस्थेतील कॅनवरूनही कोणत्या गोठ्यांची अधिक तपासणी करावी, याचा मागोवा घेता येतो.

खरी अडचण निदानानंतर उभी राहते. अमेरिकेत १९३४ साली सुरू झालेल्या मोहिमेत बाधित जनावरे मारून मालकास भरपाई देण्याचा मार्ग पत्करण्यात आला. आपल्याकडे गोहत्याबंदीचे कायदे आणि लोकांची श्रद्धा यांमुळे हा मार्ग व्यवहारतः बंद आहे. जनावरांतील सांसर्गिक रोगांच्या प्रतिबंधासाठी केंद्राने २००९ साली केलेल्या कायद्यानुसार रोगाची वर्दी देणे मालकावर बंधनकारक आहे, आणि रोगी असल्याचे ठाऊक असलेले जनावर बाजारात आणण्यास मनाई आहे. तरतूद योग्यच आहे. तथापि तिचा एक परिणाम असा की, तपासणी करून घेणाऱ्या मालकास विकता न येणारे जनावर आयुष्यभर पोसावे लागते. तपासणी न करणारा मात्र गाभडलेली गाय गुरांच्या बाजारात विकून मोकळा होतो. ती गाय दुसऱ्या गावातील निरोगी गोठ्यात रोग घेऊन जाते. अज्ञान हे जोवर मालकाच्या फायद्याचे आहे, तोवर केवळ उपदेशाने रोग हटणार नाही.

या ठिकाणी बुळकांडीच्या निर्मूलनाची आठवण होणे साहजिक आहे. बुळकांडीसारख्या साथींच्या अभ्यासासाठी १८८९ साली पुणे येथे स्थापन झालेली प्रयोगशाळा पुढे मुक्तेश्वर व इज्जतनगर येथे भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था म्हणून विख्यात झाली. १९५४ साली राष्ट्रीय लसीकरण मोहीम सुरू झाली, १९९५ साली देशातील अखेरचा उद्रेक नोंदला गेला आणि २०११ साली जगातून हा रोग नाहीसा झाल्याचे घोषित करण्यात आले. परंतु बुळकांडीत जनावर मरे किंवा कायमचे बरे होई. त्यात दीर्घकाळचे वाहक उरत नसत. ब्रुसेलाचे वाहक जन्मभर उरतात. म्हणून येथे अधिक चिकाटी लागेल.

आपल्या परिस्थितीत मुख्य भिस्त लसीकरणावरच ठेवावी लागते. ‘स्ट्रेन १९’ ही लस चार ते आठ महिने वयाच्या कालवडी व पारड्यांना आयुष्यात एकदाच टोचतात. ती जिवंत जंतूंची असल्याने नरांस व गाभण जनावरांस देत नाहीत, आणि टोचणाऱ्यानेही स्वतःस सुई लागणार नाही अशी दक्षता घ्यावयाची असते. सप्टेंबर २०१९ मध्ये मथुरा येथे आरंभ झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात लाळ-खुरकतीबरोबर या रोगाचाही समावेश झाला, ही समाधानाची बाब होय. या लसीचे फळ कालवड पहिलारू होईपर्यंत दिसत नाही. त्यामुळे शेतकऱ्यास तिचे महत्त्व पटवून देण्याचे काम विस्तार-कार्यकर्त्यांनी विशेष आस्थेने केले पाहिजे.

गोठ्यातील दक्षता

लसीबरोबर पुढील नियम पाळल्यास रोगाचा प्रसार पुष्कळ रोखता येईल. जनावर गाभडल्यास तो अपघात न समजता पशुवैद्यकास कळवावे व रक्त तपासून घ्यावे. टाकलेला गर्भ व वार उघड्या हाताने हाताळू नये. हातमोजे नसल्यास जाड प्लॅस्टिकच्या पिशव्या कोपरापर्यंत बांधाव्यात. ती घाण उकिरड्यावर किंवा ओढ्यात टाकू नये, तसेच कुत्र्यांना ओढू देऊ नये. खोल खड्ड्यात चुना घालून पुरावी. ती जागा जंतुनाशकाने धुऊन तेथे ऊन येऊ द्यावे. सावलीतील ओलसर मातीत हे जंतू दीर्घकाळ तग धरतात, कडक उन्हात लवकर मरतात. स्राव थांबेपर्यंत त्या जनावराची गव्हाण वेगळी ठेवावी. घरातील गरोदर स्त्रीने त्या गोठ्यातील काम करू नये. नवे जनावर घेताना दात व कास पाहतो, त्याचबरोबर रक्ताची परीक्षाही मागावी.

हे सर्व मालकाने करावयाचे आहे. समाजानेही काही करावयाचे आहे. बाधित जनावर न विकता वेगळे सांभाळणाऱ्या शेतकऱ्यास विमा, भरपाई किंवा सांभाळाचा खर्च या रूपाने आधार देणे, तसेच दूध संस्थांनी आपल्या सभासदांच्या गोठ्यांची नियमित तपासणी आपल्या खर्चाने करणे, या दोन गोष्टी झाल्यास तपासणीची भीती नाहीशी होईल. तापविलेले निर्दोष दूध ज्यांच्या घरी रोज पोहोचते, त्यांनी ते दूध काढणाऱ्या हातांच्या रक्षणाचा हा खर्च दुधाच्या किमतीचाच एक भाग मानावा.