मागावरचे शून्य आणि एक : सोलापूरच्या माध्यमिक शाळांसाठी डिजिटल तंत्रज्ञानाचे पहिले धडे

डिजिटल तंत्रज्ञानाच्या शालेय अभ्यासक्रमाचा गाभा तीन गोष्टींत आहे. अक्षर, चित्र, आवाज अशी कोणतीही माहिती आकड्यांत कशी मांडतात. यंत्राकडून काम करून घ्यायचे तर ते किती बारीक पायऱ्यांत सांगावे लागते. आणि साठवलेल्या माहितीतून उपयोगाचे उत्तर कसे काढतात. संगणक चालू-बंद करणे, माउस धरणे, पत्र टाइप करणे या सवयी आवश्यकच आहेत, पण त्या थोड्या सरावाने येतात आणि यंत्र बदलले की बदलतातही. गाभ्यातल्या तीन गोष्टी बदलत नाहीत. आठवी-नववीच्या वयात त्या एकदा समजल्या की पुढे कोणतेही उपकरण हाती आले तरी मूल गोंधळत नाही.

भारतातील शाळांत संगणक पहिल्यांदा आला तो १९८४-८५ मध्ये, केंद्र सरकारच्या ‘क्लास’ प्रकल्पातून. बीबीसी मायक्रो हे ब्रिटिश बनावटीचे यंत्र तेव्हा सुमारे २५० शाळांना मिळाले. २००४ च्या डिसेंबरात ‘आयसीटी अ‍ॅट स्कूल’ ही योजना सुरू झाली. तिच्याखाली महाराष्ट्रात ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’ या तत्त्वावर खासगी कंपन्यांनी शाळाशाळांत संगणक कक्ष उभारले आणि कंत्राटी प्रशिक्षक नेमले. करार संपला की यंत्रे शाळेच्या नावावर होत आणि प्रशिक्षक जाई. संगणक राहिला, शिकवणारा राहिला नाही. कुलूप लागलेल्या संगणक कक्षांचे मूळ या व्यवस्थेत आहे. दरम्यान २००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले, त्याचा ‘एमएस-सीआयटी’ अभ्यासक्रम तालुक्यातालुक्यांत पोहोचला आणि शाळेने शिकवायची गोष्ट दहावीच्या सुट्टीत फी भरून शिकायची गोष्ट झाली. बालभारतीच्या नववीच्या विज्ञान पुस्तकातील १८ प्रकरणांपैकी दहावे प्रकरण माहिती संप्रेषण तंत्रज्ञानाचे आहे. त्यात संगणकाचे भाग, स्मृती, प्रचालन प्रणाली यांची ओळख होते आणि वर्ड, एक्सेल, पॉवरपॉइंट यांची कृती येते. प्रकरण नीटनेटके आहे, पण एवढ्या मोठ्या विषयाला एक प्रकरण अपुरे पडते.

या काळात घरची परिस्थिती मात्र पार बदलली. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०१७-१८ च्या फेरीत ग्रामीण भारतातील अवघ्या ४.४ टक्के कुटुंबांकडे संगणक होता. २०२३ च्या ‘असर’ पाहणीत १४ ते १८ वयोगटातील जवळपास ९० टक्के मुलामुलींच्या घरात स्मार्टफोन होता आणि तो त्यांना वापरताही येत होता. संगणकाचा टप्पा ओलांडून ही पिढी थेट फोनवर आली आहे. त्याच पाहणीत या वयातील सुमारे एक चतुर्थांश मुलांना स्वतःच्या भाषेतील दुसरीच्या पातळीचा मजकूर सलग वाचता येत नव्हता. बोट फिरवता येणे आणि तंत्रज्ञान कळणे यांत किती अंतर आहे, हे या दोन आकड्यांवरून दिसते. म्हणून माध्यमिक शाळेत सुरुवात कुठून करायची हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. सोलापुरात या प्रश्नाचे उत्तर शहराच्या पूर्व भागातल्या यंत्रमाग कारखान्यांत तयार आहे.

सोलापूर हे गिरण्यांचे आणि मागांचे शहर. १८७७ मध्ये येथे जुनी गिरणी सुरू झाली. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी हातमाग आणि पुढे यंत्रमाग उभे केले. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल यांना भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. या चादरीवरची नक्षी आणि काठाजवळ विणलेले कारखान्याचे नाव जकार्डवर निघते. जोसेफ मारी जकार याने फ्रान्समधील लिऑन शहरात १८०४ च्या सुमारास सिद्ध केलेली ही यंत्रणा मागाच्या डोक्यावर बसते.

तिचे काम जवळून पाहण्यासारखे आहे. मागावर उभे धागे म्हणजे ताणा आणि आडवे धागे म्हणजे बाणा. बाण्याचा प्रत्येक धागा जाताना कोणते उभे धागे वर उचलायचे आणि कोणते खाली ठेवायचे, यावर नक्षी ठरते. डिझाइन करणारा आधी आलेखाच्या कागदावर चौकोन भरून चित्र काढतो. त्या कागदाच्या एका ओळीसाठी पुठ्ठ्याचे एक कार्ड पंच केले जाते. मागावर कार्ड सुयांच्या रांगेवर येऊन दाबले जाते. समोर भोक असेल तर सुई आरपार जाते, तिच्याशी जोडलेला हूक जागेवर उभा राहतो, वर जाणारी पट्टी त्याला उचलते आणि त्याच्याबरोबर उभा धागा उचलला जातो. भोक नसेल तर पुठ्ठा सुईला मागे ढकलतो, हूक पट्टीवरून सरकतो आणि धागा खालीच राहतो. भोक म्हणजे एक, पुठ्ठा म्हणजे शून्य. तिसरी शक्यता नाही. कार्डे ओळीने शिवून त्यांची माळ केलेली असते. माळ फिरत राहते तशी नक्षी पुन्हा पुन्हा उमटत जाते.

संगणकाच्या इतिहासात या कार्डाला मानाचे स्थान आहे. चार्ल्स बॅबेजने १८३० च्या दशकात आपल्या विश्लेषक यंत्राचा आराखडा केला, तेव्हा यंत्राला आज्ञा आणि आकडे देण्यासाठी त्याने जकार्डची कार्डेच योजली. रेशमात विणलेले जकारचे एक चित्र त्याच्या संग्रही होते. ते विणायला सुमारे २४ हजार कार्डे लागली होती. एडा लव्हलेसने १८४३ मध्ये त्या यंत्रावर लिहिलेल्या टिपणांतही या मागाचा दाखला आहे. पुढे हर्मन होलेरिथने भोके पाडलेली कार्डे अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेत वापरली आणि त्याच्या व्यवसायातून आयबीएम ही कंपनी उभी राहिली. १९७० च्या दशकापर्यंत संगणकाला आज्ञा देण्याचे ते नेहमीचे साधन होते.

वर्गात या कार्डावरून थेट हिशेबाकडे जाता येते. ४०० हुकांच्या जकार्डवर एका कार्डात ४०० होय-नाही उत्तरे मावतात, म्हणजे ४०० बिट. आठ बिटांचा एक बाइट धरला तर एक कार्ड ५० बाइटचे. हजार कार्डांची माळ ५० हजार बाइटची. फोनने काढलेले एक साधे छायाचित्रही याहून कितीतरी मोठे असते. ज्या मुलांच्या घरी माग आहे त्यांना ‘बिट’ हा शब्द नवा असेल, पण वस्तू ओळखीची आहे.

शून्य-एकातून आकडे कसे तयार होतात हे दाखवण्यासाठी न्यूझीलंडमधील कँटरबरी विद्यापीठाच्या अध्यापकांनी १९९० च्या दशकात संगणकाविना शिकवण्याचे खेळ रचले. त्यातला पहिला खेळ पाच पुठ्ठ्यांचा. पाच मुले ओळीने उभी राहतात. त्यांच्या हातांतल्या पुठ्ठ्यांवर अनुक्रमे १६, ८, ४, २ आणि १ ठिपके असतात. कोणी पुठ्ठा दाखवायचा, कोणी पाठ फिरवायची, एवढ्यावर ० ते ३१ पर्यंतचा प्रत्येक आकडा मिळतो आणि प्रत्येक आकडा एकाच रीतीने मिळतो. वीज गेली असेल, कक्षाला कुलूप असेल, तरी हा तास होतो. ज्या शाळेत चाळीस मुलांमागे पाच चालू संगणक आहेत तिथे हीच पद्धत आधी वापरणे शहाणपणाचे आहे.

आकड्यांनंतर अक्षरे. युनिकोडमध्ये जगातल्या बहुतेक लिप्यांतील चिन्हांना क्रमांक दिलेले आहेत. ‘सोलापूर’ हा शब्द डोळ्यांना चार अक्षरांचा दिसतो, पण यंत्रात तो सात क्रमांकांनी साठवला जातो : स, ओकार, ल, काना, प, दीर्घ उकार आणि र. यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणून हा शब्द २१ बाइटचा. रोमन लिपीत तोच शब्द सात अक्षरांचा आणि सातच बाइटचा. हा फरक का पडतो, हे नववीच्या मुलांनी शोधून काढावे असे कोडे आहे.

सोलापूरच्या वर्गात याहून सुंदर एक गोष्ट दाखवता येते. या शहरात मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणारी घरे पिढ्यान् पिढ्या आहेत आणि एका बाकावर दोन-तीन मातृभाषांची मुले बसतात. युनिकोडमध्ये देवनागरी ‘क’चा क्रमांक २३२५, तेलुगू ‘क’चा ३०९३ आणि कन्नड ‘क’चा ३२२१ आहे. देवनागरी ‘ल’ २३५४, तेलुगू ‘ल’ ३१२२, कन्नड ‘ल’ ३२५०. वजाबाकी केली की नियम हाती लागतो : मराठी क्रमांकात ७६८ मिळवले की तेलुगू अक्षर, आणखी १२८ मिळवले की कन्नड. या लिप्यांची वर्णमाला एकाच क्रमाने लागते हे ओळखून भारतीय तंत्रज्ञांनी ‘इस्की’ ही संकेतप्रणाली रचली, १९९१ मध्ये ती भारतीय मानक झाली आणि तोच क्रम युनिकोडने उचलला. इनस्क्रिप्ट कळफलक याच विचारातून आला; त्यावर स्वर डाव्या हाताला आणि बहुतेक व्यंजने उजव्या हाताला असतात, आणि मराठीत टाइप करायला शिकलेल्या मुलाला तेलुगूच्या कळा वेगळ्या शोधाव्या लागत नाहीत. उर्दूचा क्रम निराळा आहे, ती उजवीकडून डावीकडे लिहिली जाते, आणि शब्दातल्या जागेप्रमाणे अक्षराचे रूप बदलले तरी त्याचा क्रमांक तोच राहतो. आपापली भाषा यंत्रात कशी राहते हे पाहणे, हा शहरातल्या मुलांसाठी या विषयाचा सर्वांत मोलाचा तास ठरू शकतो.

आलेखाच्या कागदावरचे काळे-पांढरे चौकोन सोलापूर जिल्ह्याने आणखी एका रूपात पाहिले आहेत. माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद प्राथमिक शाळेत रणजितसिंह डिसले २००९ मध्ये रुजू झाले. त्यांनी पाठ्यपुस्तकांवर क्यूआर कोड लावून कविता, दृकश्राव्य पाठ आणि प्रश्न मुलांच्या घरच्या फोनपर्यंत पोहोचवले. पुढे महाराष्ट्राच्या सर्व इयत्तांच्या पुस्तकांवर कोड आले आणि त्यामागोमाग एनसीईआरटीनेही ते स्वीकारले. ३ डिसेंबर २०२० रोजी डिसले यांना वार्की फाउंडेशनचा जागतिक शिक्षक पुरस्कार जाहीर झाला. १० लाख डॉलरच्या रकमेपैकी निम्मी त्यांनी अंतिम फेरीतील उरलेल्या नऊ शिक्षकांना वाटून दिली. ही शाळा प्राथमिक आहे, पण तिच्या अनुभवातला धडा माध्यमिक शाळांच्या उपयोगाचा आहे : यंत्र घरात जे आहे तेच, म्हणजे पालकाचा फोन, आणि त्यावर काय पोहोचायचे ते शिक्षक ठरवणार.

माध्यमिक वर्गात याच कोडची आतली रचना शिकवता येते. १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीत मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी तो तयार झाला. सर्वांत लहान कोड २१ गुणिले २१, म्हणजे ४४१ चौकोनांचा. तीन कोपऱ्यांतले मोठे चौकोन फोनला दिशा सांगतात. त्यात मुद्दाम जादा माहिती भरलेली असते, त्यामुळे प्रकारानुसार ७ ते ३० टक्के भाग खराब झाला तरी कोड वाचता येतो. पाठ्यपुस्तकावरच्या कोडचा एक छोटा कोपरा कागदाने झाकून तो तरीही वाचला जातो का, हे मुलांनी स्वतः करून पाहावे. दुकानातला पैशांचा कोड कुणी बदलून चिकटवला तर काय होईल, हा प्रश्न मग त्यांच्याच तोंडून येतो.

तिसरा भाग माहितीवरून उत्तर काढण्याचा. एक्सेलचे तास बहुधा काल्पनिक गुणपत्रिकेवर खर्च होतात. सोलापूरला त्यापेक्षा जिवंत आकडे उपलब्ध आहेत : उजनी धरणाचे. भीमेवरच्या या धरणाची क्षमता ११७.२३ टीएमसी, त्यातला मृत साठा ६३.६६ आणि उपयुक्त साठा ५३.५७ टीएमसी. उन्हाळ्यात वर्तमानपत्रांत ‘उजनी वजा ४० टक्के’ असे मथळे येतात. पाणी वजा कसे असेल? एकूण साठ्यातून मृत साठा वजा करायचा, उरलेल्याला उपयुक्त साठ्याने भागायचे आणि १०० ने गुणायचे. धरणात ४० टीएमसी पाणी असेल तर उत्तर येते उणे ४४.१७ टक्के. हे सूत्र एका चौकटीत लिहून खाली ओढले की साऱ्या उन्हाळ्याची आकडेवारी तयार होते आणि तिचा आलेखही निघतो. सूत्र लिहिणे ही यंत्राला दिलेली आज्ञा आहे, आणि तिच्यात कंस चुकला तर उत्तर चुकते, हेही मूल तिथेच शिकते. घरच्या नळाला किती दिवसांनी पाणी येते याच्याशी हा तास जोडलेला असल्यामुळे तो पाठ करावा लागत नाही.

सुरक्षिततेचा भाग याच वयात शिकवला पाहिजे, आणि तो भीती न घालता. २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्यानुसार १८ वर्षांखालील व्यक्ती बालक आहे आणि तिची माहिती घेण्यापूर्वी पालकांची पडताळता येणारी संमती घेण्याची तरतूद त्यात आहे. ऑनलाइन आर्थिक फसवणूक झाली तर १९३० या क्रमांकावर लगेच कळवायचे असते. उशीर होत जाईल तसे पैसे परत मिळणे अवघड होते. मुलींचा प्रश्न वेगळा आहे. ‘असर’च्या त्याच पाहणीत फोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी ४३.७ टक्के मुलांकडे स्वतःचा फोन होता, मुलींपैकी १९.८ टक्के मुलींकडेच. घरी फोन न मिळणाऱ्या मुलीला सरावाची जागा फक्त शाळेत आहे. संगणक कक्षात आधी बसण्याचा मान तिला द्यायला हवा.

उपकरणांची सोय काही प्रमाणात झाली आहे. नीती आयोगाच्या अटल टिंकरिंग लॅब योजनेत निवडलेल्या शाळेला सहावी ते बारावीच्या मुलांसाठी २० लाख रुपयांपर्यंत मदत मिळते. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात मुक्त सॉफ्टवेअरचे पाठ मराठीतही विनामूल्य मिळतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने उच्च प्राथमिक टप्प्यापासून कोडिंग सुचवले आहे. कमतरता आहे ती शिक्षकाची. केरळने २००१ मध्ये ‘आयटी अ‍ॅट स्कूल’ हाती घेतले, तेव्हा बाहेरच्या कंत्राटदारावर विसंबण्याऐवजी शाळेतल्याच गणित, विज्ञान आणि भाषेच्या शिक्षकांना प्रशिक्षण दिले आणि पुढे हा विषय प्रात्यक्षिकासह दहावीच्या परीक्षेत आणला. तिथे विषय टिकला तो यामुळे. महाराष्ट्रात तो कंत्राटाबरोबर आला आणि कंत्राटाबरोबर गेला.

सोलापूरच्या संस्थाचालकांना आणि मुख्याध्यापकांना सरकारी आदेशाची वाट न पाहता एवढे करता येईल : गणिताच्या एका शिक्षकाला आठवड्याचे दोन तास या विषयासाठी मोकळे करून द्यावेत, नववीचा एक वर्ग जवळच्या यंत्रमाग कारखान्यात न्यावा, आणि संगणक कक्षाची किल्ली शिपायाच्या कपाटातून काढून त्या शिक्षकाच्या हाती द्यावी.