'आठ' की 'साठ'? हायब्रिड मीटिंग रूम समजून घेऊ या



"आई, तू मीटिंगमध्ये नक्की काय करतेस गं?" हा प्रश्न आता बऱ्याच घरांत ऐकू येतो. आपल्या पनवेलमध्ये तर जास्तच. तळोजा, पाताळगंगा, रसायनी इथे कारखाने, आणि त्यातल्या कित्येकांची मुख्य कार्यालयं मुंबईत किंवा पुण्यात. साहेब एका गावाला, यंत्रं दुसऱ्या गावाला. प्रत्येक बैठकीसाठी हार्बर लोकल पकडायची किंवा एक्सप्रेस वेला गाडी घालायची तर दिवस प्रवासातच जातो. म्हणून निम्मी माणसं खोलीत आणि निम्मी पडद्यावर, अशी बैठक रूढ झाली. हीच हायब्रिड मीटिंग.

आजच्या लेखात अशा बैठकीची खोली कशी असते, त्यामागचं विज्ञान काय आणि आपल्या शाळेला त्यातून काय शिकता येईल, ते पाहू.

१. अडचण नेमकी कुठे असते?

सगळे ऑनलाइन असतील तर सगळे समान असतात. प्रत्येकाला एक चौकोन, एक माइक. सगळे एका खोलीत असतील तरीही समान. पण निम्मे इथे, निम्मे तिथे झाले की दोन वर्ग पडतात. खोलीतले लोक एकमेकांकडे बघून बोलतात, हळूच कुजबुजतात, फळ्यावर लिहितात. पडद्यावरचा माणूस मात्र शेवटच्या बाकावरच्या मुलासारखा होतो. हजेरीत नाव असतं, पण ऐकू येत नाही, दिसत नाही, आणि हात वर केला तरी कुणाचं लक्ष जात नाही.

समजा, तळोज्याच्या कारखान्यातून पर्यवेक्षक सांगतोय, "साहेब, माल आठ टन कमी आहे." मुंबईच्या खोलीत ऐकू आलं 'साठ'. दोन शब्दांत फरक फक्त 'स' या एका ध्वनीचा. आणि 'स' हा ध्वनी मुळातच क्षीण आणि उच्च वारंवारतेचा असतो. आवाज खराब झाला की स्वर टिकतात, 'स', 'फ', 'थ' यांसारखे ध्वनी आधी हरवतात. म्हणून "आवाज येतोय, पण कळत नाहीये" असं होतं.

एवढं लक्षात ठेवा : ही खोली खोलीतल्या माणसांसाठी सजवायची नसते, खोलीत नसलेल्या माणसासाठी सजवायची असते.

२. 'हजर' म्हणजे काय? कायदा काय सांगतो?

हा प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता, आणि तोही महाराष्ट्रातूनच. मुंबईतल्या एका खटल्यात न्यूयॉर्कच्या एका डॉक्टरांची साक्ष हवी होती. व्हिडिओ कॉन्फरन्सने साक्ष घेणं उच्च न्यायालयाने नामंजूर केलं. सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २००३ रोजी ते मान्य केलं. हजर असणं म्हणजे शरीराने त्याच खोलीत असणंच नव्हे, समोरच्याला नीट पाहता आणि ऐकता येत असेल तर तीही हजेरीच, असा त्या निकालाचा आशय.

पुढे कंपनी कायदा २०१३ मध्ये, कलम १७३ नुसार, संचालकांना व्हिडिओद्वारे बैठकीत भाग घेण्याची मुभा मिळाली. २०१४ च्या नियमांत तर आपल्या वर्गासारखीच शिस्त सांगितली आहे. सुरुवातीला अध्यक्षांनी हजेरी घ्यायची. प्रत्येकाने आपलं नाव आणि आपण कुठून बोलतोय ते सांगायचं. बोलण्याआधी स्वतःची ओळख द्यायची. आणि एखाद्याचं बोलणं तुटलं किंवा अस्पष्ट आलं, तर ते पुन्हा सांगायला लावायचं. म्हणजे नीट ऐकून घेणं हे नुसतं सौजन्य राहिलं नाही, तो नियम झाला.

३. आधी आवाज, मग चित्र

चित्र पाच मिनिटं गेलं तरी बैठक चालते. आवाज पाच सेकंद गेला की थांबते. म्हणून खर्च करताना पहिला विचार माइकचा आणि खोलीचा करायचा, मोठ्या टीव्हीचा नाही.

*माइकचं अंतर :* बोलणाऱ्यापासूनचं अंतर दुप्पट झालं की थेट पोहोचणारा आवाज सुमारे ६ डेसिबलने घटतो. तोंडापासून अर्ध्या मीटरवरचा माइक ४ मीटरवर नेला, तर अंतर ८ पट होतं आणि आवाजाची तीव्रता ६४ पट कमी होते. खोलीत घुमणारा आवाज मात्र जवळपास तेवढाच राहतो. त्यामुळे टीव्हीवर बसवलेल्या एकाच माइकला टेबलाच्या टोकाचा माणूस 'विहिरीतून बोलल्यासारखा' ऐकू येतो. मोठ्या टेबलावर ठरावीक अंतराने माइक ठेवतात किंवा छतात अनेक माइकांची पट्टी बसवतात, ते यासाठी.

*खोलीचं घुमणं :* १८९५ मध्ये अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाच्या एका व्याख्यानगृहात बोललेलं कुणालाच कळेना. वॉलेस सॅबाइन या तरुण प्राध्यापकांनी त्याचा शोध घेतला आणि एक सूत्र दिलं. आवाज विरायला लागणारा वेळ (सेकंद) = ०.१६१ × खोलीचं घनफळ ÷ खोलीचं एकूण ध्वनिशोषण.

आपण गणित करून बघू. खोली ६ मीटर लांब, ५ मीटर रुंद, ३ मीटर उंच. घनफळ ९० घनमीटर. भिंती, छत आणि जमीन मिळून क्षेत्रफळ १२६ चौरस मीटर. सगळीकडे लादी, काच आणि गुळगुळीत गिलावा असेल आणि सरासरी ५ टक्केच आवाज शोषला जात असेल, तर शोषण ६.३. उत्तर येतं सुमारे २.३ सेकंद. म्हणजे एक शब्द विरायच्या आत पुढचे पाच-सहा त्यावर येऊन आदळतात.

आता ३० चौरस मीटरच्या छताला ७० टक्के आवाज शोषणारे फलक लावले. त्यांचं शोषण २१, बाकीच्या भागाचं ४.८, एकूण २५.८. उत्तर सुमारे ०.५६ सेकंद. एकही यंत्र न बदलता खोली सुधारली. बैठकीच्या खोलीला साधारण अर्ध्या सेकंदाच्या आसपासचा वेळ चांगला मानतात. आठवी ते दहावीच्या मुलांना हे उदाहरण सहज सोडवता येईल.

४. आपलाच आवाज परत का येतो?

पलीकडच्याचा आवाज आपल्या खोलीतल्या स्पीकरमधून बाहेर पडतो, तो आपल्याच माइकमध्ये शिरतो आणि पुन्हा त्याच्याकडे जातो. त्याला स्वतःचंच बोलणं क्षणभराने ऐकू येतं. यावर उपाय म्हणजे प्रतिध्वनी-निवारण. स्पीकरला कोणता आवाज दिला ते यंत्रणेला माहीत असतं. माइकमध्ये आलेल्या आवाजातून ती तेवढा भाग वजा करते. साधी वजाबाकीच, पण सेकंदाला हजारो वेळा, आणि खोलीच्या घुमण्याप्रमाणे सतत बदलणारी.

म्हणूनच एका खोलीत दोघांनी दोन लॅपटॉप माइक-स्पीकरसह चालू ठेवले की कर्कश शिट्टी वाजते. एका लॅपटॉपला दुसऱ्याच्या स्पीकरमधून काय निघतंय ते माहीतच नसतं, मग वजाबाकी कशातून करणार? नियम सोपा : एका खोलीत एकच ध्वनियंत्रणा. बाकीच्यांनी माइक आणि स्पीकर दोन्ही बंद ठेवायचे.

आणखी एक गोष्ट म्हणजे उशीर. आवाज एका बाजूने पोहोचायला १५० मिलिसेकंदांपेक्षा कमी वेळ लागला तर संभाषण सहज चालतं. ४०० च्या वर गेला की दोघं एकदम बोलायला लागतात, मग "तुम्ही बोला", "नाही, तुम्ही बोला" सुरू होतं. ऑनलाइन माणूस उद्धट नसतो, त्याला आपण थांबल्याचं उशिरा कळतं, एवढंच!

५. कॅमेरा, उजेड आणि पडदा

* कॅमेरा बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीजवळ आणि पडद्याला लागून हवा. छताला लावला तर टकलं आणि भांगच दिसतात. पडद्यापासून दूर लावला तर आपण सतत भलतीकडे बघतोय असं वाटतं.
* बोलणाऱ्याकडे आपोआप वळणारा कॅमेरा जादू करत नाही. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. शेजारच्या दोन माइकांपर्यंत तो किंचित मागेपुढे पोहोचतो आणि त्या फरकावरून दिशा कळते. आपले दोन कान हेच करतात.
* उजेड चेहऱ्यावर समोरून हवा. पाठीमागे उघडी खिडकी असेल तर माणूस काळी सावली होतो. पडदा ओढा, प्रश्न मिटला.
* पडदा : आकड्यांचे तक्ते वाचायचे असतील तर सर्वात लांबची खुर्ची पडद्याच्या उंचीच्या सुमारे ४ ते ६ पटींच्या आत हवी. ५५ इंची टीव्हीची उंची साधारण ६८ सेंटिमीटर, म्हणजे फार तर ४ मीटर. शक्य असेल तर दोन पडदे ठेवतात, एकावर माणसं, दुसऱ्यावर कागदपत्र. नाहीतर तक्ता उघडला की माणसं टिकलीएवढी होतात.
* फळा आपल्याला प्रिय, पण पलीकडे तो दिसतोय का हे आधी तपासा.

६. 'एकात्मिक' म्हणजे काय?

वरची सगळी साधनं वेगवेगळी आणली तर टेबलावर चार रिमोट आणि वायरींचं जाळं होतं. मग मीटिंगची पहिली दहा मिनिटं "कुठली वायर गं?" यातच जातात. एकात्मिक यंत्रणेत माइक, स्पीकर, कॅमेरा, पडदा आणि खोलीचा संगणक एकमेकांना ओळखतात. टेबलावरच्या छोट्या टचस्क्रीनवर 'सुरू करा' दाबलं की सगळं एकदम जागं होतं. लहान खोलीसाठी कॅमेरा, माइक आणि स्पीकर एकाच पट्टीत असलेला व्हिडिओ बार पुरतो. मोठ्या खोलीत कॅमेरा आणि माइकला वीज आणि माहिती एकाच नेटवर्क केबलमधून देतात. अशी केबल साधारण १०० मीटरपर्यंत चालते.

दोन साध्या गोष्टी मात्र विसरू नका. खोलीच्या यंत्रणेला वायफायऐवजी केबलने इंटरनेट द्या. आणि इंटरनेटचा राउटरसुद्धा यूपीएसवर ठेवा. पावसाळ्यात लाइट गेली आणि लॅपटॉप चालू, पण राउटर बंद, तर उपयोग काय?

७. यंत्राला जे जमत नाही

लाखो रुपये खर्चून सजवलेल्या खोलीतही पडद्यावरचा माणूस गप्प बसू शकतो, कारण त्याला कुणी विचारतच नाही. ते काम अध्यक्षाचं, आणि आपण शिक्षक ते रोज करतो. शेवटच्या बाकापासून सुरुवात करणं, एका वेळी एकालाच बोलू देणं, उत्तर पुन्हा म्हणून घेणं. म्हणून मीटिंगमध्ये आधी ऑनलाइन सभासदांना विचारा, मग खोलीतल्यांना. आकडा आला की तो फोड करून म्हणा : "साठ, म्हणजे सहा-शून्य ना?" आणि तो चॅटमध्ये लिहा.

८. आपल्या शाळेचं काय?

शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या सदस्य महिला असतात. आता विचार करा, पाळीत काम करणारे वडील किंवा लहान बाळ घरी असलेली आई प्रत्येक बैठकीला शाळेत येऊ शकेल का? फोनवरून जोडून घेतलं आणि त्यांना काहीच ऐकू आलं नाही, तर कागदावर सदस्य हजर, पण मत गैरहजर. मुलाच्या शाळेबद्दल त्यांना जे सांगायचं होतं, ते राहूनच जातं.

यासाठी महागडी यंत्रणा लागत नाही. छोटी खोली निवडा, रिकामा हॉल नको. खिडक्यांना जाड पडदे, जमिनीवर सतरंजी. टेबलाच्या मध्यभागी एक चांगला यूएसबी माइक-स्पीकर. लॅपटॉप चार-पाच पुस्तकांवर ठेवून डोळ्यांच्या उंचीला आणा. आणि एका शिक्षकाकडे एकच काम द्या : ऑनलाइन पालकांकडे लक्ष ठेवणं.

९. वर्गात करून बघा : फोनवरचं श्रुतलेखन

१. एका खोलीत फोन स्पीकरवर ठेवा, दुसरा फोन शेजारच्या वर्गातल्या गटाकडे द्या.
२. एका विद्यार्थ्याने फोनपासून अर्धा मीटर, मग १, २ आणि ४ मीटरवरून दहा-दहा शब्द वाचावेत. आठ-साठ, सात-हात, तीन-दीन असे फसवे शब्द घ्या. दर वेळी क्रम बदला.
३. पलीकडच्या गटाने ऐकलेलं लिहावं. बरोबर शब्द मोजून अंतर आणि गुण यांचा आलेख काढा.
४. आता खोलीत सतरंज्या, दप्तरं आणि मुलं भरा आणि ४ मीटरचा प्रयोग पुन्हा करा. फरक किती पडला?

विज्ञान, गणित आणि मराठी, तिन्ही विषय एकाच तासिकेत होतात. आणि पलीकडच्या वर्गात बसून "ऐकू येत नाहीये!" म्हणणाऱ्या मुलांना, ऐकू न येणाऱ्याची अडचण आपण न सांगताच कळते.

तुमच्या शाळेची पुढची पालकसभा ठरली की एक काम आधी करा. खोलीतल्या सगळ्यात लांबच्या खुर्चीवर बसून, बाहेर उभ्या असलेल्या सहकाऱ्याला फोनवरून एक आकडा सांगा. त्यांनी तोच आकडा परत सांगितला, तर समजा खोली तयार आहे.